सड्यावर, साडेतीन वाजता

मंगळवारी दिगूला पाठुंगळी घेऊन
मी सडा चढते.
खाली तारामुंबरीत रेंज वाऱ्यावर अवलंबून,
आली तर आली.

फोनला टेकू दोन चिऱ्यांचा.
बागवान मॅडम मिरजेच्या.
त्यांच्यामागे कायम तेच कपाट, वर नकाशाची गुंडाळी.
आमच्यामागे काय दिसतं, विचारलं एकदा.
म्हणाल्या, उजेड. नुसता उजेड.

पहिल्या वेळी म्हणाल्या होत्या, मऊ चेंडू आणा.
मी जाळ्याचा जुना बोया नेला.
आता बाकीच्या आयांनाही सांगतात म्हणे, बोया घ्या,
आणि खटावकडच्या बाया विचारतात
बोया म्हणजे काय.

मूठ उघडायची, एवढंच काम.
अंगठा आधी, मग एकेक बोट.
मी पोटासाठी कालवं फोडते,
टोचा घातला की उघडलंच पाहिजे.
तो हात इथे चालत नाही
हे शिकायला मला वर्ष लागलं.

दिगूचे बाबा ट्रॉलरवर.
फोनवर एकच विचारतात, "चालता?"
मी म्हणते, "चाललाहा."
व्यायाम, म्हणजे.

आज मॅडम हात वर करून "असं, बघ" म्हणाल्या
आणि तशाच राहिल्या.
तोंड अर्धं उघडं, बोटं हवेत वाकडी,
एक डोळा मिटत आलेला.
मधोमध ते गोल चाक फिरत.

दिगूने बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं.
मग लाळ गळेपर्यंत हसला
आणि एकेक शब्द ओढून वर काढला,
"त्येंचो... पण... हात... अडाकलो."

मी फोन उचलायला गेले, उंच धरायला, हलवायला.
त्याने मान हलवली.
"रव. येतले."

म्हणून राहिले.
'लवकर' म्हटलं नाही, 'चल चल' म्हटलं नाही.
त्याच्यासाठी असं कोण थांबलं होतं?
अंगणवाडी नाही. एसटीचा कंडक्टर तर नाहीच.
सकाळी दात घासताना
मीसुद्धा नाही.

गवतातून वारा गेला.
खाली कुणाची तरी होडी बंदराला लागली,
माणसांचे आवाज आले, थांबले.

मॅडम हलल्या. "किती वेळ गेले होते हो मी?"
मी सांगणार, तर बोया दिसला
उताराला लागलेला, गडगड, करवंदीच्या जाळीकडे.
त्याच्या हातातून कधी सुटला
ते ना त्यांनी बघितलं, ना मी.