बाह्य घटक

पाटोच्या चौथ्या मजल्यावर, पडदे ओढून,
मी मळ्यातले पंप काढते आहे.
पंप म्हणजे चौकोन. पाणी म्हणजे बाण.
अवजार गुणी आहे. चौकोन टाकला की ओळीत उभा करतं,
बाण चुकला की लाल करतं
आणि मधेच मास्तरासारखं खाकरून विचारतं:
बघणारं कोण? बघून ठरवणारं कोण?
ठरल्यावर हात कुणाचा?

मी तिन्ही जोडते.
भरती चढली, गटार तुंबलं, एक पंप मेला
तर उरलेल्यांनी आपसात काम वाटून घ्यावं,
रात्री दोनला, कुणाला न उठवता.
चालवून बघते. पडद्यावरचा मळा बुडत नाही.
फक्त कोपऱ्यात एक पिवळा त्रिकोण:
संवेदक खोटं बोलला तर?

पुसता येतो तो त्रिकोण. सेल्मा नेहमी पुसते.

रविवारी रायबंदरहून फेरीबोटीनं दिवाडीला.
खाजनाच्या बांधावरून मानशीपर्यंत चालत.
लाकडी झडपा, ना वायर ना वीज.
भरतीचं पाणीच त्यांना ढकलून मिटवतं,
ओहोटीला आतलं पाणी रेटून उघडतं.
बघणं, ठरवणं, हात,
सगळं एकाच फळीत.
माझ्या पडद्यावर हिचा एकच चौकोन निघेल
आणि अवजार म्हणेल, अपूर्ण.

फ्लोरियान जाळं झटकत होता.
किती वाजता मिटते ही?
'म्हाका कित्याक विचारता? उदकाक विचार.'
मग स्वतःच गुडघाभर पाण्यात उतरला,
फटीत हात घातला
आणि शहाळ्याचं चेचलेलं टरफल
बांधावर भिरकावलं.
मला तर झडप मिटलेलीच दिसत होती.
खारं पाणी रात्रभर आत येत राहिलं असतं,
आणि ती तशीच दिसत राहिली असती.

सोमवारी सेल्माचं बोट त्रिकोणाकडे गेलं.
थांब, म्हटलं.
आकारांच्या पेटीत माणूस नव्हता.
'बाह्य घटक' होता, तोच ओढून आणला.
प्रतिसादाचा वेळ? अवजारानं विचारलं.
मी लिहिलं: पुढच्या ओहोटीपर्यंत.
लाल.
मिलिसेकंद हवेत म्हणे.
सहा तासांचा हिशेब केला:
दोन कोटी सोळा लाख.
लाल गेलं. पिवळा राहिला, राहू दे.

नावाचा रकाना रिकामा होता,
म्हणून मळ्याच्या पंपघरात फोन लावला,
विचारायला, की रात्री दोनला
फटीत हात घालणारं
कोण आहे तिथं.

बराच वेळ वाजत राहिला.