सवलत

अशोक चौकात चादरीच्या दुकानावर पाटी आहे:
चाळीस टक्के सवलत.
सिव्हिल हॉस्पिटलच्या कागदावर मी बेचाळीस टक्के,
दोन्ही कान, कायमस्वरूपी.
म्हणजे चादरीपेक्षा दोन टक्क्यांनी स्वस्त,
असं नायनाला म्हटलं, तो हसला नाही.
त्याला ऐकू गेलं नसेल.

बत्तीस वर्षं यंत्रमागावर काढली त्यानं.
त्या शेडमध्ये पाळीभर कुणालाच ऐकू येत नाही.
भुवई उडाली की धागा तुटला,
चिमूट दाखवली की कांडी संपली,
अंगठा ओठाशी गेला की चहा आला.
डबा द्यायला जायचे तेव्हा वाटायचं
सगळं जग असंच बोलत असणार.
तिथे कुणी प्रमाणपत्र मागितलं नाही.

तेलुगू ओठ मी घरात शिकले, मराठी शाळेत.
मराठीत प, भ, म ओठांवर एकसारखे दिसतात.
विद्यापीठाच्या खिडकीतले बिराजदार काहीतरी म्हणाले:
परत? भरत? मरत?
मी तिन्हींना मान हलवली.

एम.एस्सी., संख्याशास्त्र, दुसरं वर्ष.
सर फळ्याकडे तोंड करून शिकवतात.
दीड वर्षात मला पाठ झाली
ती सरांची पाठ:
खांद्यावर उसवलेली शिवण,
एप्रिलमध्ये घामाचा नकाशा, रोज नवा देश.
सिद्धता मात्र रात्री, अंबिकाच्या वहीतून.

कमवा-शिका योजनेत मला काम मिळालं
विभागाचा टेलिफोन घ्यायचं.
होय, टेलिफोन.
‘हलकं काम आहे, नुसतं बसायचं की.’
पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी मुलाखतीची
तेवीस तारीख मी तेरा लिहिली.
मग म्हणाले, बागेला पाणी घाल.
झाडं बोलत नाहीत, तुलाही बरं.

समान संधी कक्ष दुसऱ्या मजल्यावर.
लिफ्टवर कागद: बंद आहे.
कागदही पिवळा पडलेला.
पहिल्या पायरीशी रेवणसिद्ध हत्तुरे, इतिहासवाला,
कुबड्या भिंतीला टेकवून सकाळपासून बसलेला.
मोबाइलवर लिहून दाखवलं:
वर चाललीस? माझाही अर्ज ने की.
ग्रंथालयात त्याला काम दिलं होतं
वरच्या कप्प्यातली पुस्तकं लावायचं, शिडीवर चढून.

मी लिहिलं, शिडी मला दे, टेलिफोन तू घे.
मार्चपर्यंत तसंच चाललं.
हजेरीपटावर नावं आपापल्या जागी,
माणसं एकमेकांच्या.

कळल्यावर कक्षाच्या मॅडम खूश झाल्या.
‘बघा, किती छान जुळवून घेतलंत तुम्ही!’
माझ्याकडे बघून बोलल्या,
म्हणून शब्द न् शब्द कळला
आणि म्हणूनच राग आला.

त्या रात्री पुन्हा अर्ज लिहिला,
रेवण्याची सही, माझी सही:
आम्ही जुळवलं ते आमचं आम्ही.
तुमचं तसंच बाकी आहे.
लिफ्ट चालू करा, नाहीतर कक्ष खाली आणा.
तोंडी परीक्षेचे प्रश्न कागदावर द्या.
काम देताना आधी विचारा, काय जमतं.
आणि याला सवलत म्हणू नका.
ती चादरीवर असते,
दिवाळी झाली की उठते.

आवक क्रमांक पडला. शिक्का पडला.
महिना गेला.

परवा सर अर्ध्या सिद्धतेत थांबले,
खडू हातातच, आणि वळले.
त्यांचा पुढचा एक दात जरासा तुटका आहे.
दीड वर्षात पहिल्यांदा दिसला.
‘म्हणून,’ ते म्हणाले,
ओठ मिटले, उघडले,
आणि मला कळलं की हे परत नाही, भरत नाही,
हे म्हणून आहे,
त्याच्यापुढे येणार ते मी वहीत आधीच लिहिलं.

लिफ्टवरचा कागदही बदललाय.
पांढराशुभ्र, छापील, खाली शिक्का.
बंद आहे.