मीठमोहऱ्या

अंकारा सोडून दोन तास.
कोचहिसारच्या पुढे डांबर संपतं,
बूट करकरायला लागतात.
जूनमध्येच तळं मागे सरतं, लांबवर गुलाबी रेघ होऊन बसतं,
आणि त्याने सोडलेल्या जागेच्या कडेला ती उभी असते,
वीतभर उंच, पानं नखाएवढी,
मोहरीच्या कुळातली,
पण कुणाच्याच स्वयंपाकघरापर्यंत न पोचलेली.

बरोबर आलेला एर्जुमेन्त विचारतो,
"मॅडम, हिला तहान लागत नाही?"
लागते.
समोरचं पाणीच
आपल्यातलं पाणी ओढून घेतं, अशी तहान.

मी पान खुडते, बर्फात ठेवते,
डबीवर तारीख घालते.

हिची चुलत बहीण प्रयोगशाळेत राहते.
काचेची खोली, बावीस अंश, सोळा तास उजेड,
सगळ्या जगाची लाडकी.
तिच्या पाण्यात मीठ जरा जास्त पडलं
की चारपाच दिवसांत कडांपासून पिवळी पडत जाते.
मी मुद्दाम टाकते. तेच माझं काम आहे.
(रोज माफी मागत नाही. कधीतरी मागते.)

रात्री पडद्यावर दोघी
एकीखाली एक.
चारच अक्षरं, कोट्यवधी वेळा,
आणि जुळत जातात. पानंच्या पानं जुळतात.
मला वाटलं होतं, मीठ पचवणारीकडे
काहीतरी भलतंच निघेल,
एखादं अस्त्र, कुठल्या परक्या वंशातून आलेलं.
तीच पोथी निघाली.
फक्त एके ठिकाणी
बहिणीत एकदा येणारं वाक्य
हिच्यात दोनदा आलंय.
आई दाराला कुलूप लावायची, चार पावलं जायची,
परत येऊन ओढून बघायची,
तसं.

त्या वाक्याचा ढोबळ अर्थ एवढाच:
वर चढणारं मीठ खालीच अडव.
आलंच आत, तर कोठीत कोंड
आणि कोठीच्या दाराशी बसून राहा.

आणखी एक.
मीठ आलं की काचेतल्या बहिणीच्या पेशीपेशीत
एकच धावपळ उडते,
शेकडो जनुकं झोपेतून उठतात, दिवे लागतात,
कोण कुणाला हाक मारतंय पत्ता नाही.
हिच्या आलेखात फारसं काही हलतच नाही.
मी यंत्र तपासलं. पुन्हा केलं.
एर्जुमेन्तला करायला लावलं.
दिवे आधीपासूनच चालू होते.
मीठ नसतानाही.

माझं नाव येतेर. म्हणजे, पुरे.
माझ्या आधीची सोनगुल, म्हणजे शेवटचं फूल.
ती शेवटची ठरली नाही, हा माझा दोष.
थोरली दोन्दू इथेच, मिठागरात;
तिच्या टाचांच्या भेगांत तळं वाळून बसलंय.
सोनगुल लग्न होऊन गेली रिझेला,
चहाच्या मळ्यांत, जिथे कपडे वाळत नाहीत.
दर उन्हाळ्यात येते, दोन दिवसांत ओठ फुटतात,
आणि दोन्दू हसते,
"अगदीच आळणी झालीस गं."

मागच्या खेपेला दोन्दूनेच विचारलं,
"तुझं ते झाड कधी गोड मातीत लावून बघितलंस?"
बघितलं होतं.
वाढतं. चांगलं वाढतं.
फक्त
न खाल्लेल्या मिठालाही जागत राहतं.

तिला म्हटलं, "वाढतं."

निघताना तिने मूठभर मीठ
माझ्यावरून तीनदा उतरवलं, चुलीत टाकलं.
तडतडलं.
मोहऱ्या नव्हत्या घरात.
माझ्या खिशात होत्या, कागदाच्या पुडीत,
रव्याहून बारीक, बाराशेच्या आसपास,
प्रत्येकीत ते वाक्य
दोनदा.