चादरीचं टोक

दांडिया बाजारात, चष्म्याच्या दुकानावर माझी खोली.
दोन खुर्च्या, एक सतरंजी,
आणि पंखा, जो तीनवर कुरकुरतो
म्हणून दोनवरच असतो.

यामिनी शितोळे तिसऱ्या खेपेला आल्या
तेव्हा म्हटलं, आज बोलणं राहू द्या,
आज नुसतं अंगाचं ऐकू.
पायांची बोटं आवळा. धरा. सोडा.
पोटऱ्या. धरा. सोडा.
खांदे कानांपाशी न्या, थंडी वाजल्यासारखे,
आता पडू देत.
पडले. डावा जरा मागाहून,
कुणाला तरी विचारून आल्यासारखा.

मग मुठी.
उजवी उघडली.
डावी नाही.
"सोडा," म्हटलं.
"सोडलीय की," त्या म्हणाल्या, डोळे मिटूनच,
आणि बोटांचे सांधे पांढरे.

पुस्तकात लिहिलंय, सात आकडे मोजा,
ताण आणि सैलपणा यांतला फरक अनुभवू द्या.
पुस्तकाला काय ठाऊक
आपल्या भाषेत माणूस जीव कुठे धरतो!
मी तिला मूठ उघडायला सांगत होते.

"काय आहे हातात?"
बराच वेळ पंखाच बोलला.
मग त्या म्हणाल्या, "चादर."

श्रावणात विश्वामित्री चढली ती रात्र.
समाच्या घरात पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीला,
सासरे अंथरुणाला खिळलेले.
चादरीची चार टोकं:
नवरा, दीर, वरच्या मजल्यावरचे पटेलभाई,
आणि डोक्याकडचं डावं टोक हिच्याकडे.
जिना वळतो तिथे कुणीतरी ओरडलं, मगर!
ती कुणालाच दिसली नाही, दिसायला उजेड तरी कुठे होता?
अंधारात पटेलभाईंचा आवाज तेवढा:
"मूकता नहीं, यामिनीबेन, मूकता नहीं."
सोडू नका.

नाही सोडलं.
सासरे वाचले. गच्चीवर दोन रात्री काढल्या,
माघात गेले ते स्वतःच्या पलंगावर,
दूध-पोहे खाऊन, वेळेवर.
पाणी तर कधीच ओसरलेलं,
भिंतीवरची मळकी रेघ नव्या रंगाखाली गेलेली.
सगळ्यांना कळवलं होतं. विमावाल्यांना, माहेरी, बँकेत.
हाताला तेवढं कळवायचं राहिलं.
तो अजून जिन्यात उभा होता,
गुजरातीतलं ते एकच वाक्य पाळत.

मी कपाटातून चादर काढली, धुतलेली, सोलापुरी.
"दोन टोकं तुमची, दोन माझी.
वाळत घातलेली काढतो ना, तशी घडी घालू."
ताणली. झटकली.
पालथी मधे लोंबली, कोपऱ्याला कोपरा मिळाला,
आम्ही चालत एकमेकींकडे आलो.
उजवं टोक त्यांनी सहज दिलं.
डावं देताना थांबल्या.
"बशीतल्या चहावर फुंकर घालता ना,
तसा श्वास सोडा. लांब. साय हलेल न हलेल इतकाच.
घाई नाही. मी धरलंय माझ्या बाजूनं."

आधी अंगठा.
मग, कोण जाणे का, करंगळी.
मधली बोटं शेवटी, एकेक,
आणि तळहातावर नखांच्या चार कोरी.

रडल्या नाहीत.
जांभई दिली. ही एवढी मोठी, दाढेतली चांदी दिसेल अशी,
आणि लाजल्या.

पुढच्या मंगळवारी मूठ परत आवळलेली होती.
पण आता त्यांनाच आधी दिसली.
"हं," म्हणाल्या तिच्याकडे बघत,
झोपेतून उठवायच्या मुलाला म्हणावं तसं.

संध्याकाळी काळाघोड्याच्या सिग्नलला
स्कूटरवर लक्षात आलं,
माझी दाढ दाढेवर घट्ट बसलेली,
सकाळपासून असेल, किंवा कॉलेजपासून.
जबडा सैल सोडला. फुंकर घातली.
मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दाबून धरला.
हिरवा कधीचा लागला होता.