डावी टाच

सावद्याला, स्टेशनच्या रस्त्यावर,
फेगड्यांच्या केळी पिकवायच्या गोडाऊनमागे
एक पत्र्याचं शेड आहे. रविवारी रिकामं असतं.
सकाळी सहाला आम्ही खोकी भिंतीला सारतो,
फरशीवर कुठं केळीचं साल राहिलंय का बघतो
(भारंबे सर म्हणतात, खरा शत्रू तोच),
आणि बांबूच्या तलवारी शेजारी ठेवून
समोरासमोर बसतो. पाच जण.
कधी तीनच.

मी अकरा वर्षांनी आले.
मध्ये दोन बढत्या, एक ऑपरेशन, लेकीची दहावी,
आणि माळ्यावर, गाद्यांच्या मागे
उभी राहिलेली माझी शिनाई.
खाली काढली तेव्हा चार पट्ट्यांतली एक
उभी तडकलेली.
शिरस्त्राणात पालीची दोन अंडी.
म्हटलं, बरं झालं,
कोणीतरी राहत होतं.

वाटलं होतं, शरीर विसरलं असेल.
शरीर काही म्हणता काही विसरलं नव्हतं.
उजव्या हाताची तीच घाई,
फटक्याआधी खांदा उचलून
समोरच्याला आगाऊ कळवणं,
सगळ्या चुका जशाच्या तशा,
व्याजासकट.
आमच्या बँकेत अशा खात्याला निष्क्रिय म्हणतात.
केवायसीचा कागद दिला की पुन्हा चालू.
इथं डाव्या टाचेनं सही करावी लागते.
टाच जमिनीपासून पोस्टकार्ड सरकेल इतकीच वर,
आणि सगळा भार कुठंच नाही
असा.

मे महिना. सातलाच पत्रा बोलायला लागतो.
केतकी सतरा वर्षांची.
तिचा फटका मनगटावर बसतो
तो मला आवाजानंतर कळतो.
तिला लागलं की ती हसते,
मला लागलं की मी कारण शोधते.
सर बाजूला उभे, वरणगावच्या फॅक्टरीतून
रिटायर झालेला माणूस, शब्द मोजून देणारा.
म्हणाले, "मारू नका. पडू द्या."
राग आला.
पडू द्या म्हणजे काय?
पावसाळाभर मी तो राग
दर रविवारी डब्यासारखा घेऊन गेले.

मग डिसेंबरात झोप्यांच्या शेतावर भरीत होतं.
कपाशीच्या काड्यांवर वांगी काळी झालेली,
सालं काढून बडगीत घातली,
आणि सुकदेव लाकडानं ठेचायला बसला.
मी म्हटलं, दे इकडं.
दहा फटक्यांत दंड भरून आले,
अर्धं भरीत माझ्या साडीवर.
तो म्हणाला, "ताई, जोर काहाले लावता?
लाकडाले आहे ना त्याचं वजन."
पुन्हा हातात घेऊन दाखवलं.
वर नेताना तेवढा त्याचा हात होता,
खाली येताना नव्हता.
मी जेवायचं सोडून
त्याच्या मनगटाकडं बघत राहिले.
बायका म्हणाल्या, हिला काय झालं.

जानेवारीतली गोष्ट. थंडीनं तळवे बधिर.
केतकी पुढं आली, जरा जास्तच आली,
आणि माझ्याकडून काहीतरी झालं.
मी ठरवलं नव्हतं.
तिच्या माथ्यावर आवाज झाला,
तो माझा होता हे मला
तिच्या पलीकडं पोचल्यावर समजलं.
कोरडा, छोटा, स्वच्छ.
मी वळले आणि
सरांकडं बघून हसले.

"गेला," सर म्हणाले.
फटका बसल्यावर जी सुटते
तिचा फटका धरत नाहीत, हे मला
वीस वर्षांपूर्वी पुण्यात शिकवलं होतं.
तेव्हा वहीत लिहूनही घेतलं होतं,
लाल शाईनं, खाली रेघ मारून.
केतकीनं वाकून नमस्कार केला.
"पण लागलं, मॅडम," हळूच म्हणाली.

तसा पुन्हा एकदाही जमला नाही.
मार्च संपत आला.
तडकलेली पट्टी बदलली, नवी जरा पिवळी दिसते,
बाकी तिघींत अजून मिसळलेली नाही.
वर्षअखेरीची गर्दी. काउंटरवर उभ्या उभ्या
मी नोटा मोजते, आणि खाली, कोणाला दिसणार नाही असं,
डावी टाच पोस्टकार्डाएवढी उचलते.
शेजारच्या नारखेड्यांना दिसलीच एकदा.
"टाच दुखते का, मॅडम?"
मी हो म्हटलं.
रांग मोठी होती.