एक वीत दोरी

सव्वीस वर्षं मी वर्गाकडे पाठ करून शिकवलं.
फळ्यावर आकृती काढताना
कोण कुजबुजतंय, कोणाचा कंपास पडला,
सगळं मानेमागून ऐकू यायचं.
इथे पाठ फिरवली तर
मुलांना फक्त माझा अंबाडा दिसतो
आणि निकुंजभाईंचा निरोप येतो: बेन, कॅमेऱ्याकडे.

निकुंजभाई आमच्या शाळेत संगणक शिकवतात,
माझ्याहून एकोणीस वर्षांनी लहान.
मुलांच्या डोळ्यांत बघायचं असेल, म्हणाले,
तर मुलांकडे बघू नका,
वरच्या त्या काळ्या ठिपक्याकडे बघा.
प्रकाशाचा धडा इतक्यांदा शिकवून
हे मला ठाऊक नव्हतं.

दांडिया बाजारातलं माझं स्वयंपाकघर.
फोन चहाच्या डब्याला टेकवलेला,
पंखा बंद, कारण त्याचा आवाज पलीकडे जातो,
आणि सातवी ब च्या एकेचाळीस चौकटी.
एका वेळी सहाच दिसतात, बाकीच्या बोटाने सरकवायच्या.
चौदा काळ्या.
शिकवते गुजरातीत. मनात मोजते मात्र मराठीत,
पाढे आईकडून आलेले.

धडा लंबकाचा.
पितळी गोळा कपाटात, कपाट शाळेत,
शाळा विश्वामित्रीच्या पलीकडे, कुलूपबंद.
म्हणून म्हटलं, घरात असेल ते बांधा,
दोरी तेवढी एक वीत घ्या,
वीस झोके मोजा.

मग काय काय लोंबलं!
कुलूप. बटाटा. निसर्गच्या आजोबांचा अडकित्ता.
क्रिनाने बहिणीचं पैंजण बांधलं आणि बहीण मागे रडू लागली.
एक, बे, त्रण,
कुणाचं त्रण कुणाच्या साताला धडकत
माझ्या ओट्यावर मोजणीचा नुसता गलका.

उत्तरं आली. सोळा सेकंद. अठरा. पंधरा. पुन्हा अठरा.
मी नेटवर्कला दोष दिला.
मग त्यांच्या घड्याळांना.
मग, मोठ्याने नाही, सातवी ब ला.
वजन बदललं तरी झोक्याचा वेळ बदलत नाही,
हे वाक्य पुस्तकात चौकटीत छापलंय
आणि मी ते सांगूनच टाकणार होते,
आकडे बाजूला सारून,
जसं दरवर्षी.

तेवढ्यात कोपऱ्यात एक ओळ उमटली.
हंसा तडवी. काळ्या चौकटीतली.
जूनपासून जिचा आवाज ऐकला नव्हता.
‘बेन, मारी वेंत नानी छे.’

वेंत.
वीत.
मी माझा पंजा ओट्यावर पसरला,
अंगठा ते करंगळी,
पीठ मळून, खडू धरून रुंदावलेला बाईमाणसाचा हात.
तिकडे एकेचाळीस हात, कुणाचे अजून दुधाच्या दातांच्या वयाचे,
आणि मी खुशाल म्हणत होते, एक वीत.

हंसा, तुझं बरोबर आहे. माझं चुकलं.
हे मी काळ्या ठिपक्याकडे बघून म्हटलं.
म्हणजे सगळ्यांच्याच डोळ्यांत बघून.

मग शोध सुरू झाला, सगळ्यांच्या घरी सारखं काय असतं?
थेपलं, कुणीतरी म्हणालं, आणि हशा.
दुधाची पिशवी. लाइटबिल.
शेवटी शाळेने वाटलेली वही निघाली,
पाठीवर पाढे छापलेली.
वहीच्या उंचीएवढी दोरी.
कुलूप, वीस झोके, वीस सेकंद.
बटाटा, वीस सेकंद.
अडकित्ता एकोणीस, पण निसर्ग घाईनेच मोजतो.
ते चौकटीतलं वाक्य मला म्हणावंच लागलं नाही.

हंसा, तू काय बांधलं होतंस गं?
विचारेपर्यंत तिची चौकट गेलेली.
फोन वडिलांचा,
वडिलांची पाळी मकरपुऱ्याला, अकराची.

संध्याकाळी निकुंजभाईंनी विचारलं,
आज नेट कसं होतं?
नेट चांगलं होतं, म्हटलं.
कपाटाच्या मुठीला जायफळ अजून टांगलेलं होतं,
एक वीत.
माझी.