बाराचा फेर

कॉलेजच्या मागच्या गडग्याला लागून ऱ्हिओ आहे.
पान वरून हिरवं, उलटं केलं की जांभळं,
आणि बुडाशी बोटाच्या पेराएवढी होडी,
तिच्यात पांढऱ्या कळ्या दाटीवाटीने,
तर सुटायची वेळ झाल्यासारख्या.

सकाळी साडेनऊला मी त्या खुडतो.
साडेनऊलाच. उशीर झाला तर आत काही घडत नाही,
म्हणजे घडून गेलेलं असतं.
एक भाग ॲसिड, तीन भाग अल्कोहोल, बूच घट्ट.
सत्तावीस वर्षं माझ्या रुमालाला हा वास.
रत्नप्रभा म्हणते, लोणचं नासल्याचा.

मी दहावी नापास. रजिस्टरात हुद्दा: परिचर.
पण लाल थेंबात परागकोश सुईने टिचवायचा कसा,
काचपट्टी दिव्यावरून फिरवून
हाताच्या पाठीला लावून बघायची,
ऊब कळावी, चटका नको;
आणि टीपकागदावर अंगठा दाबायचा, न सरकवता,
हे मॅडमही मला विचारून करतात.

मग एका डोळ्याने खाली उतरायचं.

आधी नुसता गुंता.
जाळं विणण्याआधी सुताचा गुंडा उसकटावा तसा.
पुस्तक त्याला तनुसूत्रता म्हणतं.
मग धागे एकमेकांना हुडकू लागतात.
कोण सांगतं त्यांना, यातला आपला कुठला?
एक आईकडून आलेला, एक बापाकडून,
चाचपत शेजारी येऊन निजतात,
जाड होतात,
आणि त्या जवळिकीत आपले तुकडे बदलून घेतात,
तलाठ्याला न कळवता.
दूर सरताना एखादा तिढा राहतो, तेवढाच पुरावा.

पुस्तकात पुढे जोड्या. सहा.
आमच्या गडग्यावरच्या ऱ्हिओत जोड्या नाहीत.
बाराच्या बारा गुणसूत्रं टोकाला टोक धरून
एकच फेर.
कधीकाळी इकडचे तुकडे तिकडे जाऊन चिकटले,
तेव्हापासून प्रत्येकाचा एक हात याच्यात, एक त्याच्यात.
आधी कुणी सोडायचा?

फेब्रुवारीत, खिडकीतून काजूच्या मोहराचा वास येताना,
उभादांड्याची प्रज्वला गिरप
भिंगावरून डोळा न काढता म्हणाली,
"नानानू, ही तर रापण! दोनय बाजून वडतत."
पश्चावस्था होती. बरोबर बघत होती पोर.
मी म्हटलं, रापणीत दोन्ही दोर शेवटी जवळ येतात,
मासळी एकाच ढिगात पडते.
इथे ओढणारे पुन्हा भेटत नाहीत.
"मगे वाटो कसो?"
वाटा हाच. ज्याला त्याला निम्मं.

एक इकडे, पुढचा तिकडे, त्यापुढचा इकडे,
असा नागमोडी फेर सुटला तर ठीक.
शेजारचे दोघे एकाच टोकाला गेले
की कुणाकडे काही दोनदा, काही नाहीच.
त्यानंतरचं विभाजन पटकन उरकतं,
दोनाचे चार,
चौघे एका पिशवीत अंग चोरून.
पुढे पराग मोजायचे: भरलेले किती, पोकळ किती.
लाल रंग पितो तो भरलेला.
मी मोजलेत. पोकळ जास्त.

हे घरी कधी बोललो नाही.
कणकवलीचा डॉक्टर झाला, मिरजेचा झाला.
माझंही काही कुणीतरी काचेखाली धरून मोजलं होतं,
माझ्यासारख्याच कुणी पुसून ठेवलेल्या काचेखाली.

रत्नप्रभेने एकदा इथली फांदी मोडून नेली
आणि विहिरीच्या कडेला खोवली.
रुजली.
तिने शेजारी दिली, शेजारणीने माहेरी धाडली,
आता दाभोसवाड्यात पायरीपायरीला जांभळी पाठ.
बियांचं त्यात एकही नाही.

मागल्या वर्षी बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं,
"जोड्या कुठायत हो?"
मी काचपट्टी जराशी सरकवली.
म्हटलं, "सर, फेर बघा.
मोजा सावकाश. बारा भरतील."